३५० सीसीच्या आतली क्लासिक गाडी: खरा खर्च किती?

२२ सप्टेंबर २०२५ रोजी मोटारसायकलींच्या बाजारात एक रेघ ओढली गेली. ३५० सीसीपर्यंतच्या गाडीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. त्याहून मोठ्या इंजिनाच्या गाडीवर उपकर धरून ३१ टक्के लागत होते, ते ४० झाले. लहान आणि मोठ्या गाडीच्या करात आधी तीन टक्क्यांचा फरक होता, आता बावीस टक्क्यांचा आहे. करापूर्वी दीड लाख किंमत असलेली गाडी रेघेच्या अलीकडे असेल तर ग्राहकाला १,७७,००० रुपयांना पडते आणि पलीकडे असेल तर २,१०,००० रुपयांना.

गोल दिवा, पत्र्याची गोलाकार टाकी, एकच सिलिंडर आणि संथ ठोका असलेली जुन्या वळणाची गाडी ज्यांना हवी आहे, त्यांच्यासाठी ही चांगली बातमी आहे. या घराण्यातल्या बहुतेक गाड्या रेघेच्या अलीकडेच आहेत. रॉयल एनफिल्डच्या बुलेट, क्लासिक, हंटर आणि मीटिअर या चौघींचं इंजिन एकच, ३४९ सीसीचं. होंडाची सीबी ३५० आहे ३४८ ची, जावा ३५० आहे ३३४ ची, टीव्हीएसची रोनिन २२५ च्या आसपासची. उलट चाकणला तयार होणारी ट्रायम्फ स्पीड ४०० दिसायला याच पंगतीतली असली तरी ३९८ सीसीमुळे ती पलीकडे गेली. कंपनी कधीकधी वाढलेला कर स्वतः सोसते आणि शोरूमची किंमत तेवढीच ठेवते. पण विम्याचा गट त्याने बदलत नाही, आणि तो मुद्दा पुढे येणारच आहे.

माझं मत आधीच सांगतो. महाराष्ट्रात राहणाऱ्या, रोज कामावर जाणाऱ्या आणि महिन्यातून एखाददुसऱ्या रविवारी घाट चढणाऱ्या माणसाने पाच-सहाशे सीसीच्या मागे लागू नये. पैसे वाचतात म्हणून तर नकोच, पण चालवण्याचं सुखही लहान गाडीत जास्त मिळतं म्हणूनही नको.

वीस हॉर्सपॉवर पुरतात का?

क्लासिक ३५० चं इंजिन साधारण वीस हॉर्सपॉवर देतं. लिटर क्लासच्या स्पोर्ट्स बाइक दोनशेच्या घरात जातात. हे आकडे शेजारी ठेवले की लहान गाडी केविलवाणी वाटते, म्हणून ती ताकद वापरायची कुठे, हे आधी पाहायला हवं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे. समृद्धी महामार्गावर बंदी आहे. अटल सेतू, वांद्रे-वरळी सागरी सेतू आणि मुंबईचा किनारी रस्ता, तिथेही बंदी आहे. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारसायकलची कमाल वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे आणि शहरात ६०. म्हणजे दोनशे हॉर्सपॉवरच्या गाडीला आपल्या राज्यात कायद्याने मोकळा रस्ताच नाही. ती पहिल्या गिअरमध्येच वेगमर्यादा ओलांडते, आणि तिचा मालक उरलेले पाच गिअर नुसते बाळगतो.

लहान गाडीचं उलट असतं. क्लासिकच्या सिलिंडरचा व्यास ७२ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ८५.८. अशा लांब धावेच्या इंजिनाला जोर मिळवायला फार फिरावं लागत नाही. २७ न्यूटन मीटरचा पूर्ण टॉर्क ४,००० फेऱ्यांवरच हाती येतो. ताम्हिणीच्या किंवा आंबोलीच्या वळणातून बाहेर पडताना तिसऱ्या गिअरमध्ये हलकेच मूठ पिळली की गाडी चढ घेते, सारखे गिअर पाडावे लागत नाहीत. साठच्या वेगाने जाताना दोन्ही बाजूंची शेतं दिसतात आणि मागे बसलेल्या माणसाशी बोलता येतं. चार सिलिंडरची मोठी गाडी याच वेगात अर्धवट जागी असते. स्वारगेट ते कात्रज या गर्दीत तिच्या रेडिएटरचा पंखा सुरू झाला की मांड्या भाजतात, ते वेगळंच.

पण एक अपवाद स्वच्छ सांगायला हवा. पुणे-बेंगळुरू किंवा मुंबई-नागपूर असे लांबचे पल्ले, मागे जोडीदार आणि दोन्ही बाजूंना सामान, हे ज्यांचं वारंवार होतं, त्यांना ३५० ची गाडी कमी पडेल. ऐंशी-नव्वदपर्यंत ती खुशीत असते. शंभराच्या पुढे हँडल आणि फूटरेस्ट थरथरायला लागतात, आणि ओव्हरटेक करताना हाताशी काही शिल्लक उरत नाही. अशांनी ६५० ची दोन सिलिंडरची गाडी जरूर पाहावी, फक्त पुढचा हिशेब वाचून पाहावी.

कोटेशन ओळीओळीने वाचा

जाहिरातीत दिसते ती एक्स-शोरूम किंमत. २०२५ च्या करकपातीनंतर हंटर दीड लाखाच्या आत सुरू होऊ लागली आणि क्लासिक एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास. वरच्या रंगांना आणि अलॉय चाकांना पंधरा ते तीस हजार जास्त पडतात. किमती वर्षातून एक-दोनदा हलतात, म्हणून हिशेबाला सोपं जावं यासाठी मी पुढे लहान गाडी दोन लाखांची आणि ६५० ची मोठी गाडी साडेतीन लाखांची धरतो.

पहिली मोठी ओळ रोड टॅक्सची. महाराष्ट्रात वैयक्तिक नोंदणीच्या दुचाकीला हा कर एकदाच भरायचा असतो. ९९ सीसीपर्यंत १० टक्के, २९९ पर्यंत ११ आणि त्यापुढे १२. लहान गाडीला २४,००० रुपये, मोठीला ४२,०००. रोनिनसारख्या सव्वादोनशेच्या गाडीला इथे एक टक्का कमी पडतो.

दुसरी ओळ विम्याची, आणि ३५० ची रेघ इथेही आहे. थर्ड पार्टी विम्याचे दर सरकार ठरवतं. जून २०२२ पासून लागू झालेल्या तक्त्यात १५० ते ३५० सीसीच्या नव्या दुचाकीला पाच वर्षांचे ७,३६५ रुपये आहेत आणि ३५० च्या वर १५,११७. दोन्हींवर १८ टक्के जीएसटी. म्हणजे एकीकडे सुमारे ८,७०० आणि दुसरीकडे १७,८००. हा विमा पाच वर्षांचा एकदम घेणं नव्या गाडीला सक्तीचं आहे, त्यात घासाघीस होत नाही. घासाघीस होते ती स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात. तो एका वर्षाचा घेतला तरी चालतो आणि कोणत्याही कंपनीकडून घेता येतो. शोरूमवाला सांगेल ती पॉलिसी घेण्याचं बंधन तुमच्यावर नाही. दोन-तीन कंपन्यांचे दर मोबाइलवर काढून त्याच्यासमोर ठेवले, की त्याचा आकडाही खाली येतो. पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा तुमच्याकडे आधीच असेल तर तोही पुन्हा घ्यायला नको, तसं लिहून द्या.

विम्याच्या कागदात लहान क्लासिक गाडीचा एक फायदा दडलेला असतो. साध्या पॉलिसीत दाव्याच्या वेळी प्लास्टिक, नायलॉन आणि रबराच्या भागांची निम्मी किंमत कापली जाते, गाडी नवी असली तरी. धातूच्या भागांना पहिले सहा महिने काहीच कापत नाहीत, वर्षापर्यंत ५ टक्के आणि दुसऱ्या वर्षी १० टक्के. पत्र्याचे मडगार्ड आणि उघडं इंजिन असलेली गाडी पडली, तर खिशातून जाणारा वाटा कमी. सगळीकडून प्लास्टिकच्या आवरणाने झाकलेली स्पोर्ट्स बाइक उभ्या-उभ्या कलंडली तरी बिल मोठं येतं. पहिली दोन-तीन वर्षं झीरो डेप्रिसिएशन, म्हणजे ही कपात न करणारी पॉलिसी, घेणाऱ्यांना हा फरक जाणवणार नाही, पण त्यासाठी जादा हप्ता भरावाच लागतो.

यापुढच्या बारीक ओळींवर बोट ठेवून विचारा. नोंदणीचं शासकीय शुल्क ३०० रुपये आहे, कर्ज असेल तर त्याची नोंद करण्याचे ५०० वेगळे. हाय सिक्युरिटी नंबरप्लेट नव्या गाडीबरोबरच येते. ‘हँडलिंग’, ‘लॉजिस्टिक्स’ किंवा ‘अत्यावश्यक किट’ अशा नावाने हजार-दोन हजार लावले असतील तर ते सरकारी शुल्क नाही. ते कशाचे आहेत हे लेखी मागा आणि द्यायचे नसतील तर नाही म्हणा. नव्या दुचाकीबरोबर बीआयएस मानकाचं हेल्मेट देण्याची तरतूद केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे. ते ‘भेट’ म्हणून दाखवत असतील तर तो तुमचा हक्क आहे हे लक्षात ठेवा.

सगळं मिळून दोन लाखांची गाडी दारात येईपर्यंत दोन लाख सदतीस-अडतीस हजारांची होते. साडेतीन लाखांची होते चार लाख सतरा हजारांच्या पुढची. पाटीवर दीड लाखाचा फरक होता, रस्त्यावर येईपर्यंत एक लाख ऐंशी हजारांचा झाला.

हप्ता सांगताना कोणता दर सांगतात?

दुचाकीच्या कर्जात ग्राहक सगळ्यात जास्त इथे फसतो, म्हणून थोडं थांबून वाचा. दीड लाखाचं कर्ज, तीन वर्षं. एक बँक सांगते ११ टक्के, घटत्या शिलकीवर. शोरूममधला फायनान्सवाला सांगतो ९ टक्के, फ्लॅट. नऊ हा आकडा लहान वाटतो. पण ११ टक्के घटत्या दराने हप्ता बसतो सुमारे ४,९१० रुपये आणि तीन वर्षांत व्याज जातं २६,८०० च्या आसपास. ९ टक्के फ्लॅटमध्ये पूर्ण दीड लाखावर तिन्ही वर्षं व्याज लागतं, म्हणजे ४०,५०० रुपये, आणि हप्ता येतो ५,२९२. घटत्या शिलकीच्या भाषेत हा नऊ टक्क्यांचा दर सोळा टक्क्यांच्या घरात जातो. एकच प्रश्न विचारा: ‘एकूण किती रुपये परत द्यायचे?’ त्यात प्रोसेसिंग फी मिळवा आणि मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड किती, हेही लिहून घ्या.

वर्षाचा खर्च

वर्षाला आठ हजार किलोमीटर धरू. म्हणजे रोजची वीस-बावीस किलोमीटरची ये-जा आणि काही लांबच्या फेऱ्या. ३५० ची गाडी नीट चालवली तर ३२ ते ३६ चं ॲव्हरेज देते, ६५० ची साधारण २४ चं. पेट्रोल १०४ रुपये धरलं तर लहान गाडीला वर्षाला साडेचोवीस हजारांच्या आसपास जातात आणि मोठीला साडेचौतीसच्या पुढे. पाच वर्षांत पन्नास हजारांचा फरक एवढ्यातच पडतो.

सर्व्हिसिंगमध्ये साधेपणा कामाला येतो. क्लासिकला एक सिलिंडर, एक प्लग, दोन व्हॉल्व्ह, रेडिएटर नाही. मेकॅनिकचा हात सगळीकडे पोचतो. पहिली सर्व्हिस ५०० किलोमीटरला चुकवू नका, त्या ऑइलमध्ये नव्या इंजिनाची धातूची बारीक कणी असते. ‘फ्री सर्व्हिस’ म्हणजे मजुरी माफ, ऑइल आणि फिल्टरचे पैसे द्यावेच लागतात. पुढे सशुल्क सर्व्हिसला साधारण दोन ते साडेतीन हजार धरा. चेन-स्प्रॉकेटचा संच आणि मागचा टायर हे दोन मोठे खर्च तीन-चार वर्षांतून एकदा येतात, प्रत्येकी तीन ते साडेचार हजारांचे. चेनला दर पाचशे किलोमीटरला साफ करून वंगण लावलंत तर तिचं आयुष्य खूप वाढतं. पावसाळ्यात कोकणात जाऊन आल्यावर तर त्याच रात्री लावा. चार सिलिंडरच्या गाडीला सोळा व्हॉल्व्ह असतात. त्यांचं अंतर तपासायलाच निम्मी गाडी उकलावी लागते, आणि मागच्या एका रुंद रेडियल टायरला पाच आकडी रक्कम जाते.

वस्तूंच्या उपलब्धतेचा मुद्दा पैशांइतकाच मोठा आहे. रॉयल एनफिल्डचे भाग पुण्याच्या नाना पेठेत मिळतात तसे तालुक्याच्या गावीही मिळतात. होंडाची सीबी ३५० इंजिनाच्या गुळगुळीतपणात मला सरस वाटते, पण ती बिगविंग या वेगळ्या शोरूममधून विकली जाते आणि ती शोरूम बहुतेक मोठ्या शहरांत आहेत. जावाच्या बाबतीतही तुमच्या गावापासून सर्व्हिस सेंटर किती दूर आहे हे आधी बघा. ब्रेकच्या लिव्हरसाठी आठवडाभर गाडी उभी राहणार असेल तर तो खर्च कुठल्याच कोटेशनमध्ये लिहिलेला नसतो.

स्पोकचं चाक, ट्यूबचा टायर

क्लासिक दिसण्याची किंमत इथे मोजावी लागते. तारांची चाकं सुंदर दिसतात, पण त्यांत ट्यूब असते. खिळा लागला की हवा झपकन जाते आणि पंक्चर काढायला अख्खं चाक उतरवावं लागतं. वरंधा घाटात संध्याकाळी पावसात हे झालं तर हाताशी कुणी मिळत नाही. अलॉय चाकाच्या ट्यूबलेस टायरमधून हवा हळूहळू जाते, बहुतेक वेळा पुढच्या गावापर्यंत पोचता येतं, आणि शंभर-दीडशे रुपयांत वात भरून काम होतं. हंटरच्या अलॉय चाकांच्या मॉडेलांत आणि क्लासिकच्या अलॉय चाकांच्या प्रकारांत ट्यूबलेस मिळतात. एकट्याने लांब जाणाऱ्यांनी, विशेषतः महिला चालकांनी, रंगावर पैसे घालण्याआधी या चाकांवर घालावेत असं मी आग्रहाने सांगेन.

वजनाचंही तसंच. ‘लहान’ म्हटलं तरी क्लासिक १९५ किलोंची आहे आणि बैठक ८०५ मिलिमीटर उंच. सीबी ३५० आणि हंटर १८० ते १९० किलोंच्या दरम्यान, रोनिन १६० च्या आसपास. क्लासिक ६५० मात्र २४३ किलोंची. सोसायटीच्या उतारावर गाडी मागे ढकलून पाहा, डबल स्टँडला लावून पाहा, दोन्ही पाय जमिनीला टेकतात का पाहा. चालवून बघण्यापेक्षाही ही परीक्षा मोठी आहे. शोरूमची दहा मिनिटांची फेरी पुरत नाही. गोव्याला जाणार असाल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली, म्हणजे भाड्याने देण्याचा परवाना असलेली गाडी एक दिवस घ्या आणि कमरेला काय वाटतं ते बघा.

सायलेन्सर बदलू नका. पुण्यासह अनेक शहरांत पोलिस असे सायलेन्सर जप्त करून त्यांवर रोलर फिरवतात, दंड होतो तो वेगळा. त्या पैशांत चांगलं जॅकेट आणि हातमोजे येतात.

जुनी बुलेट, जुनी जावा

म्हैसूरच्या आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला आणि यामाहा आरएक्स १०० चं उत्पादनही त्याच वर्षी थांबलं. त्यांवर जीव असलेली माणसं आजही शोधत फिरतात. उजव्या पायाने गिअर टाकायची बिडाच्या इंजिनाची बुलेट तर अनेकांच्या घरातली पहिली गाडी. भावनेचा मान ठेवूनही सांगतो की रोजच्या वापराला ती घेऊ नका, आणि हौसेला घ्यायची असेल तर खरेदीइतकीच रक्कम दुरुस्तीला बाजूला काढा. १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण लागतं, त्याबरोबर पर्यावरण कर येतो. २० वर्षांपुढच्या दुचाकीचं नूतनीकरण शुल्क २०२५ मध्ये दोन हजारांवर नेलं आहे. एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असेल तर हाय सिक्युरिटी प्लेट बसवली आहे का ते पाहा. ५० वर्षांपेक्षा जुन्या गाडीला विंटेज नोंदणी मिळते, तिला २०,००० रुपये पडतात आणि ती गाडी रोज रस्त्यावर आणता येत नाही. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. जुन्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरचे सील त्याला टिकत नाहीत, ते आधी बदलून घ्या.

कागदांत हयगय नको. इंजिन आणि चासी नंबर स्वतः टॉर्च लावून आरसीशी जुळवा. परिवहन पोर्टलवर चलनं आणि कर्जाची नोंद तपासा. कर्ज होतं तर बँकेचा फॉर्म ३५, हस्तांतरणाला २९ आणि ३०, दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर तिथली एनओसी. यातलं एकही अपुरं असेल तर टोकन देऊ नका.

नवी घ्यायची तर दोन शोरूमची छापील कोटेशनं घ्या, बुकिंगची रक्कम त्या दिवशी न देता घरी या, आणि रोड टॅक्स, पाच वर्षांचा विमा, कर्जाची एकूण परतफेड या तीन ओळी स्वतःच्या हाताने पुन्हा मांडा. आकडे जुळले, पाय टेकले, आणि सर्व्हिस सेंटर तासाभराच्या आत असेल, तर ३५० च्या आतली गाडी निर्धास्त घ्या.